जावा आहे, पण दिसत नाही: बेदाणा शीतगृहातील एका नोंदवहीचे प्रकरण

सांगली-तासगाव रस्त्यावरील एका शीतगृहात, बेदाण्याची आवक ऐन भरात असताना, मार्च महिन्यात हे प्रकरण घडले. शेतकरी शेडवरून पंधरा किलोच्या पेट्यांत बेदाणा भरून आणतात. माल उतरला की त्याला लॉट क्रमांक मिळतो आणि तो कोणत्या चेंबरमध्ये, कोणत्या रॅकवर लावला याची नोंद होते. पुढे सौदा ठरला की त्याच लॉटमधून किती पेट्या निघाल्या आणि किती शिल्लक राहिल्या याचा गेटपास छापला जातो. हा सगळा व्यवहार तेथे लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या बेस या, नोंदी ठेवण्याच्या भागात बनवलेल्या एका फाइलमध्ये चालतो. मालकांच्या नात्यातील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ती काही वर्षांपूर्वी बनवून दिली होती. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर गेला, फाइल मात्र चालत राहिली. ती नेटकी बनवली होती हे मला नंतर आत डोकावल्यावर कळले, आणि म्हणूनच ती वाचली याचे समाधान मला अधिक आहे.

जुन्या संगणकाचा बोर्ड गेला, तेव्हा त्याच्या जागी वापरलेला पण चांगल्या स्थितीतील दुसरा संगणक आला. जुन्यावर ३२ बिटचे विंडोज ७ होते, नव्यावर ६४ बिटचे विंडोज १० होते. संगणक बसवणाऱ्याने लिब्रेऑफिसची ७.५ ही आवृत्ती घातली, जुन्या डिस्कवरची फाइल उतरवून घेतली आणि पत्रे व दरपत्रके उघडून दाखवली. ती व्यवस्थित उघडली. नोंदवहीची फाइल कोणी उघडून पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी दारात लागली आणि गेटपास छापायची वेळ आली, तेव्हा पडद्यावर संदेश आला की या कामासाठी जावा रनटाइमची, म्हणजे जावा या भाषेत लिहिलेले कार्यक्रम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, आवश्यकता आहे, ते इन्स्टॉल करून लिब्रेऑफिस पुन्हा सुरू करावे.

व्यवस्थापकांना तेथे सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी संदेशात सांगितले तसेच केले. इंटरनेटवरून जावा उतरवले, इन्स्टॉल केले, संगणक बंद करून चालू केला. संदेश तोच आला. त्यांनी जावा काढून पुन्हा घातले, आणि मग तिसऱ्यांदाही घातले. मी पोहोचलो तोवर दुपार झाली होती, गेटपास कार्बन लावून हाताने लिहिले जात होते आणि शिल्लक पेट्यांचा आकडा वहीत मागे जाऊन मोजावा लागत होता. "सर, जावा तीनदा टाकलं. कंट्रोल पॅनेलला दिसतंय. टीडीएसचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतंय. मग ह्यालाच का दिसंना?" असे त्यांनी विचारले. प्रश्न अगदी नेमका होता. अशा तक्रारीत बहुतेक वेळा "पुन्हा एकदा इन्स्टॉल करून बघा" एवढाच सल्ला मिळतो आणि या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. उत्तर मात्र त्या प्रश्नातच दडलेले होते, विशेषतः टीडीएसच्या उल्लेखात.

त्याआधी एक गोष्ट थांबवणे गरजेचे होते. पत्रे उघडतात आणि नोंदवही उघडत नाही, यावरून फाइलच खराब झाली असा समज तेथे पसरला होता, आणि फाइल दुरुस्त करणारे एक साधन उतरवून ठेवलेले होते. मी सर्वांत आधी मूळ फाइलच्या दोन प्रती काढल्या, एक पेनड्राइव्हवर आणि एक वेगळ्या फोल्डरमध्ये. बेसची फाइल ही प्रत्यक्षात एक झिप संच असते. त्यामुळे प्रतीच्या नावाचा शेवट बदलून तो झिप केला की ती साध्या फोल्डरसारखी उघडते. आत 'डेटाबेस' नावाचा फोल्डर होता आणि त्यात 'स्क्रिप्ट' नावाची फाइल होती. ती नोटपॅडमध्ये उघडल्यावर आवक, जावक आणि लॉट या तक्त्यांच्या व्याख्या, रोमन लिपीतील त्यांच्या नावांसह, ओळीने वाचता आल्या. संच विनातक्रार उघडला आणि व्याख्या जागच्या जागी होत्या, म्हणजे फाइलवर संशय घेण्याचे कारण उरले नाही. अण्णांना मी तो पडदा दाखवला. लॉटच्या तक्त्यातील रकान्यांची नावे त्यांनी स्वतः वाचली, आणि दुरुस्तीचे साधन त्यांनी स्वतःच पुसून टाकले.

मूळ फाइल बेसमध्ये उघडली तर डाव्या बाजूला तक्ते, क्वेरी, फॉर्म आणि अहवाल असे चार विभाग दिसत होते. फॉर्मची नावे जशीच्या तशी दिसत होती, कारण फॉर्म हे दस्तऐवजासारखे फाइलमध्ये ठेवलेले असतात आणि त्यांची यादी दाखवण्यासाठी डेटाबेस चालू असावा लागत नाही. तक्त्यांवर टिचकी मारली की मात्र संदेश येत होता. फॉर्मची नावे दिसतात आणि तक्ते दिसत नाहीत, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. फाइल शाबूत आहे आणि तिच्यामागचे इंजिन सुरू होत नाही, असे ती सांगते.

ते इंजिन म्हणजे एचएसक्यूएलडीबी. बेस हा स्वतः डेटाबेस नाही. तो खिडक्या, फॉर्म आणि अहवाल पुरवतो, आणि नोंदी ठेवण्याचे व शोधण्याचे काम फाइलमध्ये अंतर्भूत असलेल्या डेटाबेसकडे सोपवतो. एचएसक्यूएलडीबी संपूर्णपणे जावात लिहिलेला आहे, त्यामुळे जावाशिवाय तो हलतही नाही. रायटर (लेखनासाठी) आणि कॅल्क (हिशेबासाठी) या भागांची रोजची कामे जावाशिवाय चालतात. म्हणून पत्रे आणि दरपत्रके उघडली, आणि लिब्रेऑफिस ठणठणीत आहे असा सर्वांचा ग्रह झाला.

आता टीडीएसकडे वळतो. शीतगृहाचे हिशेबनीस टीडीएसचे विवरणपत्र ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करतात तेही जावावरच चालते. पण ते चालण्याची तऱ्हा वेगळी आहे. तेथे जावा हाच मुख्य कार्यक्रम असतो, विंडोज त्याला स्वतंत्र प्रक्रिया म्हणून सुरू करते आणि ते सॉफ्टवेअर त्याच्या पोटात चालते. लिब्रेऑफिसमध्ये उलटे आहे. लिब्रेऑफिस जावाला बाहेर वेगळे चालवत नाही, तर जावाचे यंत्र ज्या फाइलमध्ये असते ती जेव्हीएम डॉट डीएलएल ही फाइल स्वतःच्याच प्रक्रियेत ओढून घेते. विंडोजचा नियम असा आहे की ६४ बिटच्या प्रक्रियेत ३२ बिटची डीएलएल (कार्यक्रमात जोडली जाणारी फाइल) लादता येत नाही, आणि ३२ बिटच्या प्रक्रियेत ६४ बिटची लादता येत नाही. स्मृतीतील पत्ते लिहिण्याची दोघांची रुंदीच वेगळी असल्यामुळे येथे तडजोडीला वाव नसतो. म्हणून एकाच संगणकावर, एकाच वेळी, तेच जावा टीडीएसला उत्तम चालते आणि लिब्रेऑफिसला ते नसल्यासारखेच असते. अण्णांच्या "ह्यालाच का दिसंना" या प्रश्नाचे उत्तर हे होते, आणि ते त्यांना सांगितल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न लगेच विचारला: मग आपल्याकडे कुठले आहे?

ते पाहायला पाच मिनिटे लागली. लिब्रेऑफिसच्या मदत मेनूतील माहितीच्या खिडकीत आवृत्तीच्या क्रमांकाशेजारी एक्स-८६-६४ असे लिहिलेले होते. म्हणजे कार्यक्रम ६४ बिटचा होता. विंडोजसाठी लिब्रेऑफिस ६४ बिटमध्ये मिळू लागले ते ऑगस्ट २०१५ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून. जुन्या संगणकावर विंडोजच ३२ बिटचे असल्यामुळे तेथे कार्यक्रम आणि जावा दोन्ही ३२ बिटचे होते आणि इतकी वर्षे कधी खटका उडाला नव्हता. नव्या संगणकावर कंट्रोल पॅनेल उघडले तर जावाच्या कपाच्या चित्राखाली 'जावा' या शब्दापुढे कंसात '३२-बिट' असे छापलेले होते. अण्णांनी हे चित्र सकाळपासून अनेकदा पाहिले होते. ते चित्र आहे की नाही एवढेच ते पाहत होते, त्यामुळे खालचा कंस त्यांच्या नजरेतून सुटला, आणि सकाळपासून दारात गाड्या उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून तो सुटणे मला अगदी स्वाभाविक वाटते.

खात्रीसाठी कमांडची काळी खिडकी उघडून जावाची आवृत्ती विचारली. उत्तरात तीन ओळी येतात. ६४ बिटचे जावा असेल तर शेवटच्या ओळीत तसे स्पष्ट लिहिलेले असते. येथे शेवटच्या ओळीत फक्त 'क्लायंट व्हीएम' असे होते आणि ६४ चा उल्लेख कुठेच नव्हता. सी ड्राइव्हवर पाहिले तर जावाचा फोल्डर नेहमीच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये नव्हता, एक्स-८६ अशी पुस्ती असलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये होता. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटची सॉफ्टवेअर तेथेच उतरतात. तीन खुणा एकच गोष्ट सांगत होत्या.

दोन मार्ग होते. एक तर लिब्रेऑफिस काढून त्याची ३२ बिटची आवृत्ती घालायची, म्हणजे असलेले जावा त्याला चालले असते. किंवा ६४ बिटचे जावा घालायचे. पहिला मार्ग झटपट होता, पण संगणक आणि विंडोज दोन्ही ६४ बिटचे असताना केवळ एका जोडीदारासाठी कार्यक्रम मागे नेणे मला पटले नाही, कारण ३२ बिटचे पर्याय सगळीकडेच मागे पडत चालले आहेत आणि दोन-तीन वर्षांनी हाच प्रश्न उलट्या दिशेने उभा राहिला असता. दुसरा मार्ग घेताना एक काळजी घ्यायची होती. असलेले ३२ बिटचे जावा काढायचे नव्हते, कारण टीडीएसचे काम त्यावर सुरळीत चालले होते आणि मार्चअखेर तोंडावर आली होती. ३२ आणि ६४ बिटचे जावा एका संगणकावर शेजारीशेजारी राहू शकतात, ते एकमेकांच्या आड येत नाहीत. चालू कामाला हात न लावता नवे काम सुरू करता येत असेल तर तसेच करावे, असे माझे मत आहे, आणि हंगामाच्या दिवसांत तर ते अधिकच खरे.

कोणाचे जावा घ्यायचे, हाही विचार करावा लागला. जावा मूळचे सन मायक्रोसिस्टिम्सचे. २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलने घेतली. एप्रिल २०१९ पासून ओरॅकलने जावा ८ च्या नव्या अद्ययावत आवृत्त्यांच्या वापराच्या अटी बदलल्या, आणि व्यावसायिक वापरासाठी परवाना घ्यावा लागू लागला. शीतगृह हा व्यवसाय आहे, त्यामुळे ओपनजेडीके या जावाच्या मुक्त परवान्याच्या रूपावर आधारित बांधणी घेणे योग्य होते. मी एक्लिप्स ॲडॉप्टियम या प्रकल्पाची टेम्युरिन १७ ही ६४ बिटची बांधणी निवडली, आणि तीही फक्त रनटाइम, कारण तेथे कोणी जावात कार्यक्रम लिहिणार नव्हते.

येथे ओळखण्याचा दुसरा पदर पुढे आला. इन्स्टॉल पूर्ण झाले. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, मग ऑप्शन्स, मग लिब्रेऑफिस या शीर्षकाखालील ॲडव्हान्स्ड हे पान उघडले. तेथे वर 'जावा रनटाइम वापरा' अशी चौकट असते आणि तिच्याखाली सापडलेल्या जावांची यादी असते. चौकटीत खूण होती, पण यादी रिकामी होती. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. बिटांचा हिशेब जुळला होता, जावा डिस्कवर होते, आणि तरीही दिसत नव्हते.

लिब्रेऑफिस संपूर्ण डिस्क चाळून जावा शोधत नाही. ते काही ठरावीक जागी खुणा पाहते. विंडोजमध्ये त्यातील मुख्य जागा म्हणजे रजिस्ट्री, म्हणजे विंडोजचा सेटिंग्जचा साठा, आणि तेथे 'जावासॉफ्ट' या नावाखाली जावाची आवृत्ती आणि फोल्डर नोंदलेला असतो. त्याखेरीज जावा-होम आणि पाथ या पर्यावरण चलांचाही, म्हणजे कार्यक्रमांना वाचता याव्यात म्हणून विंडोजने नावाने ठेवलेल्या नोंदींचाही, आधार घेतला जातो. टेम्युरिनचा इन्स्टॉलर स्वतःची नोंद स्वतःच्या नावाखाली करतो. जावा-होम हा चल लावणे आणि जावासॉफ्ट नावाच्या नोंदी करणे हे दोन पर्याय त्यात असतात, पण ते आपण होऊन निवडलेले नसतात, त्यांच्यापुढे लाल फुली असते. मी पहिल्या वेळी ते तसेच राहू दिले होते. पाथमध्ये भर पडली होती खरी, पण लिब्रेऑफिस इन्स्टॉलच्या आधीपासून उघडे होते, आणि चालू असलेला कार्यक्रम पर्यावरणाचे चल आपल्या सुरुवातीलाच वाचून घेतो, नंतर झालेला बदल त्याला कळत नाही. जुन्या आवृत्त्यांत याहून एक अडचण जास्त होती. त्या जावाच्या निर्मात्याचे नाव आपल्या ठरलेल्या यादीशी ताडून पाहत आणि अनोळखी निर्मात्याचे जावा, ते कितीही निर्दोष असले तरी, बाजूला ठेवत. ७.५ मध्ये या निर्मात्याची अडचण आली नाही.

यादीच्या बाजूला 'ॲड' हे बटण असते. त्यावरून हवा तो फोल्डर हाताने दाखवता येतो, आणि दाखवायचा तो जावाचा मूळ फोल्डर, म्हणजे ज्याच्या आत 'बिन' नावाचा फोल्डर आहे तो. अण्णांना समजावे म्हणून मी आधी मुद्दाम ३२ बिटच्या जावाचा फोल्डर दाखवला. लिब्रेऑफिसने तो नाकारला. मग टेम्युरिनचा फोल्डर दाखवला. क्षणभर थांबून यादीत एक ओळ उमटली, तिच्यात निर्मात्याचे नाव आणि १७ पासून सुरू होणारा आवृत्ती क्रमांक होता, आणि तिच्यापुढे गोल खूण होती. खूण केली, ओके केले, कार्यक्रम पुन्हा सुरू करावा लागेल असे त्याने विचारले, होकार दिला. लिब्रेऑफिस बंद होऊन उघडले, नोंदवही उघडली, तक्त्यांवर टिचकी मारली, आणि आवक, जावक, लॉट ही तिन्ही नावे खाली उतरली.

हाताने फोल्डर दाखवून भागले असले तरी मी तेथे थांबलो नाही. टेम्युरिनचा इन्स्टॉलर पुन्हा चालवून, त्यातील बदल करण्याच्या पर्यायाने, जावा-होम आणि जावासॉफ्ट या दोन्ही ओळींवरची फुली काढली. हाताने दाखवलेली वाट त्या एका फोल्डरपुरती असते. टेम्युरिनच्या फोल्डरच्या नावात पूर्ण आवृत्ती क्रमांक असतो, त्यामुळे आवृत्ती बदलली की फोल्डरचे नाव बदलते. रजिस्ट्रीत योग्य नोंद असेल तर लिब्रेऑफिसला निदान नवी वाट सापडते. त्यानंतर सकाळपासूनचे हाताने लिहिलेले गेटपास अण्णा एकेक करून नोंदवत गेले, आणि प्रत्येक लॉटची शिल्लक वहीशी ताडून पाहत गेले. संध्याकाळी त्यांनी फाइल जतन करून बंद केली आणि मग पेनड्राइव्हवर प्रत काढली. या क्रमाचा मी आग्रह धरला, कारण अंतर्भूत एचएसक्यूएलडीबीमधील बदल फाइल जतन होऊन नीट बंद होईपर्यंत पूर्णपणे तिच्यात उतरले असे धरता येत नाही, आणि त्या भागात उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

डेटाबेसपुरता जावाचा प्रश्न मिटवायचा तर नोंदवही फायरबर्डवर नेता येते. बेसमध्ये तो दुसरा अंतर्भूत डेटाबेस म्हणून उपलब्ध आहे, सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला आहे आणि त्याला जावा लागत नाही. मालकांनी त्याबद्दल विचारले. मी हंगामात तसे करण्याला स्पष्ट नकार दिला. क्वेरी आणि अहवाल एका डेटाबेसच्या बोलीत लिहिलेले असतात, दुसऱ्यावर नेल्यावर ते एकेक करून तपासावे लागतात, आणि शिल्लक पेटीचा आकडा चुकला तर तो शेतकऱ्याच्या मालाचा आकडा चुकतो.

जूनमध्ये अण्णांचा दूरध्वनी आला. कोणीतरी टेम्युरिनची नवी आवृत्ती घातली होती आणि नोंदवही पुन्हा अडली होती. या वेळचा संदेश वेगळा होता: लिब्रेऑफिसची मांडणी बदलली आहे, ॲडव्हान्स्ड पानावर जाऊन कोणते जावा वापरायचे ते निवडा. निवडलेल्या जावाची वाट लिब्रेऑफिस आपल्या वापरकर्त्याच्या फोल्डरमधील एका छोट्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहून ठेवते. फाइलचे नाव 'जावासेटिंग्ज' असे सुरू होते आणि पुढे विंडोज व ६४ बिट यांचा उल्लेख असतो. नोंदवही अडली तेव्हाच अण्णांनी ती नोटपॅडमध्ये उघडून ठेवली होती, ती मला वाचून दाखवली. वाटेत जेथे जेथे रिकामी जागा आहे तेथे टक्क्याचे चिन्ह आणि २० लिहिलेले होते, आणि शेवटी जुन्या आवृत्तीच्या फोल्डरचे नाव होते. तो फोल्डर डिस्कवर आता राहिलाच नव्हता.

"अण्णा, त्या पानावर यादीत नवीन ओळ दिसते का?"

"दिसती की. सतराचीच हाय, फुडचा नंबर निराळा."

"कंट्रोल पॅनेलमधल्या ३२ बिटला हात लावू नका. त्या ओळीपुढे खूण करा आणि लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून उघडा."

"ते मघाशीच केलंय सर. गेटपास निघाला. जुनं नाव त्या फाइलीत का ऱ्हायलं एवढंच इचारायला फोन केला."